संगणकावरून गाणी ऐकताना आवाज कुठे बिघडतो: प्लेअर लावण्याचा योग्य क्रम

नवा प्लेअर उतरवायचा, आउटपुटमध्ये वासापी किंवा आसिओ (डिव्हाइसला आवाज पोचवायच्या दोन वाटा) निवडायचं, इक्वलायझर चढवायचा, अपसॅम्पलिंग (सेकंदातल्या ध्वनी-नमुन्यांची संख्या वाढवणं) सर्वात मोठ्या आकड्यावर न्यायचं आणि मग 'आवाज मोकळा झाला' म्हणायचं, ही बहुतेकांची पद्धत. चार बदल एका दमात केले की फरक नेमका कशाने पडला ते कळत नाही. पुढे कधी खरखर सुरू झाली किंवा आवाज दबल्यासारखा झाला, तर कुठून शोधायला लागायचं हेही कळत नाही. मग प्लेअर काढून दुसरा टाकला जातो आणि तेच पुन्हा.

फाइलमधले आकडे डॅकपर्यंत (आकड्यांचा ध्वनी-संकेत बनवणारं उपकरण) जसेच्या तसे पोचवणं, एवढंच प्लेअरचं काम. या वाटेवर त्या आकड्यांना हात लावणारे बरेच असतात: ऑपरेटिंग सिस्टीमचा मिक्सर, ड्रायव्हरची 'एन्हान्समेंट्स', प्लेअरचं स्वतःचं डीएसपी (आवाजावर केलेली डिजिटल प्रक्रिया), दोन-तीन ठिकाणच्या व्हॉल्यूमच्या पट्ट्या. एकेकाला बाजूला करायचं आणि दर वेळी तपासून मगच पुढे जायचं. पुढची उदाहरणं विंडोज आणि त्यावरचा फूबार२००० हा प्लेअर यांची आहेत. मॅक आणि लिनक्सवर जिथे वेगळं करावं लागतं तिथे तसं सांगितलं आहे. दुसरा प्लेअर वापरत असाल तर मेन्यूतली नावं बदलतील, क्रम तोच राहील.

## सुरू करण्याआधी

डॅक थेट संगणकाच्या पोर्टला जोडा. हब, मॉनिटरवरचं यूएसबी पोर्ट, लांबलचक एक्स्टेन्शन हे सगळं सध्या बाजूला ठेवा.

ड्रायव्हरचं आधी ठरवा. विंडोज १०च्या २०१७ मधल्या १७०३ आवृत्तीपासून यूएसबी ऑडिओ क्लास २चा ड्रायव्हर सिस्टीममध्येच येतो. त्यामुळे बऱ्याच डॅकना वेगळा ड्रायव्हर लागत नाही. आसिओ हवं असेल किंवा डीएसडी (एक बिटची वेगळी ऑडिओ पद्धत) फाइल थेट वाजवायच्या असतील तर उत्पादकाचा ड्रायव्हर टाका. मॅक आणि लिनक्सवर हा प्रश्न सहसा येत नाही.

तपासणीसाठी चार फाइल वेगळ्या काढून ठेवा: एक १६ बिट ४४.१ किलोहर्ट्झची, एक २४ बिट ९६ किलोहर्ट्झची (बिट म्हणजे प्रत्येक नमुन्याची बारकाई, किलोहर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती हजार नमुने, तोच सॅम्पल रेट), एका ट्रॅकमधून दुसऱ्यात न थांबता जाणारं मैफिलीचं रेकॉर्डिंग आणि एक अगदी हळू सुरू होणारं गाणं. चारही तुमच्या कानांत पक्की बसलेली असावीत. ओळखीच्या नसलेल्या गाण्यावर केलेल्या तपासणीला अर्थ नाही.

आणि आत्ताच्या सगळ्या सेटिंगचे स्क्रीनशॉट घ्या. हे काम कंटाळवाणं आहे म्हणून सगळे टाळतात आणि नंतर 'आधी काय होतं?' यावर अडकतात.

## टप्पा १: फाइल खरी आहे का

फ्लॅक फाइल म्हणजे लॉसलेस (मूळ ऑडिओतलं काहीही न गाळता साठवलेली), असं धरून चालू नका. एमपी३चं फ्लॅक करता येतं. फाइल फुगते, गेलेलं परत येत नाही. स्पेकसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फाइल टाकून स्पेक्ट्रम (कोणत्या फ्रीक्वेन्सीला किती आवाज, याचा आलेख) पाहा. १२८ केबीपीएसच्या एमपी३मध्ये साधारण १६ किलोहर्ट्झ फ्रीक्वेन्सीच्या वर सगळं कापलेलं असतं आणि आलेखात ती आडवी सरळ कड स्पष्ट दिसते. ३२० केबीपीएसला ही कड २०च्या आसपास असते, त्यामुळे तिथे डोळ्यांनी ओळखणं अवघड जातं.

सावधान: जुन्या रेकॉर्डिंगमध्ये वरच्या फ्रीक्वेन्सी मुळातच कमी असतात. आलेख वर जाताना हळूहळू विरत गेला असेल तर फाइलला खोटी ठरवू नका. संशय घ्यायचा तो सुरीने कापल्यासारख्या सरळ रेषेचा.

फाइल खराब झाली आहे का, हेही इथेच पाहून घ्या. फ्लॅकमध्ये मूळ ऑडिओचा एमडी५ चेकसम (पडताळणीचा आकडा) साठवलेला असतो. फूबारच्या तपासणी कॉम्पोनंटने पूर्ण संग्रह एकदा पडताळून घ्या. सीडी स्वतः रिप करत (संगणकात उतरवून घेत) असाल तर ॲक्युरेटरिपशी जुळणी करणारं सॉफ्टवेअर वापरा. त्यात तुमच्या रिपचा निकाल इतरांनी त्याच सीडीच्या केलेल्या रिपशी ताडून पाहिला जातो, त्यामुळे ओरखड्यामुळे झालेली चूक लपून राहत नाही.

फ्लॅकची ० ते ८ ही कॉम्प्रेशन पातळी आवाजाशी संबंधित नाही, फक्त फाइलचा आकार आणि एन्कोडिंगला लागणारा वेळ बदलतो. त्यावर वेळ घालवू नका.

## टप्पा २: ऑपरेटिंग सिस्टीमला शांत करा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, कारण लोक हा टप्पा सोडून थेट प्लेअरकडे जातात.

विंडोजमध्ये एकाच वेळी अनेक प्रोग्रॅमचा आवाज यावा म्हणून सगळे प्रवाह एका मिक्सरमध्ये येतात. तिथे सर्वांना एकाच सॅम्पल रेटवर आणलं जातं. तो रेट म्हणजे डिव्हाइसच्या प्रॉपर्टीजमध्ये ठरवलेला 'डिफॉल्ट फॉरमॅट'. तो ४८ वर असेल तर ४४.१ची प्रत्येक फाइल वाटेत बदलते. शिवाय पातळी अगदी वर गेली की दाबणारा एक लिमिटरही या मिक्सरमध्ये असतो. हल्लीची बरीच गाणी कमाल पातळीला टेकवूनच मास्टर केलेली असल्यामुळे हा लिमिटर वाटतो त्यापेक्षा जास्त वेळा कामाला लागतो.

या क्रमाने जा:

1. सिस्टीमचं डिफॉल्ट डिव्हाइस म्हणून डॅक ठेवू नका. संगणकाचे स्वतःचे स्पीकर डिफॉल्ट करा आणि डॅक फक्त प्लेअरमधून निवडा. मेल आल्याची टिंग, ब्राउझरमधल्या जाहिराती, सगळं तिकडे जाईल. एवढ्या एका बदलाने निम्म्या तक्रारी मिटतात.

2. डॅकच्या सेटिंगमध्ये ऑडिओ एन्हान्समेंट्स बंद करा. स्पेशियल साउंडही बंद. लॅपटॉपबरोबर आलेलं 'आवाज सुधारणारं' वेगळं ॲप असेल तर त्यातही जाऊन बंद करा, कारण ते विंडोजच्या सेटिंगला न जुमानता चालू राहू शकतं.

3. जुन्या साउंड खिडकीत कम्युनिकेशन्स नावाचा टॅब आहे. कॉल सुरू झाला की बाकीचे आवाज ८० टक्क्यांनी कमी करायचे, असं तिथे आधीपासूनच निवडलेलं असतं. ते 'डू नथिंग' करा. 'मधूनच गाण्याचा आवाज पडतो' याचं कारण पुष्कळदा हेच निघतं.

4. डॅकच्या ॲडव्हान्स्ड टॅबमध्ये एक्सक्लुझिव्ह मोडच्या (एकाच प्रोग्रॅमने मिक्सर टाळून डॅक पूर्ण ताब्यात घेणं) दोन्ही चौकटींवर खूण असल्याची खात्री करा. डिफॉल्ट फॉरमॅट २४ बिट आणि तुमच्या संग्रहातल्या बहुतेक फाइलींचा जो रेट असेल तो ठेवा, म्हणजे बहुतेकांसाठी ४४.१.

सगळ्यात लाडकी चूक चौथ्या पायरीवर होते: तिथे १९२ किंवा ३८४ निवडायचं. त्याने तपशील वाढत नाही. प्रत्येक फाइलचं रिसॅम्पलिंग विंडोजच्या हाती सोपवलं जातं, इतकंच.

मॅकवर युटिलिटीजमधलं ऑडिओ मिडी सेटअप उघडा आणि डॅकचा फॉरमॅट तिथे पाहा. रेट फाइलप्रमाणे आपोआप बदलेल असं गृहीत धरू नका. स्वतः रेट बदलणारा आणि डिव्हाइस पूर्ण ताब्यात घेणारा प्लेअर असेल तरच ते होतं. लिनक्सवर पाइपवायर (तिथली आवाजाची व्यवस्था) साधारणपणे ४८००० वर चालतं. त्याच्या कॉन्फिगरेशनमध्ये परवानगी असलेल्या रेटच्या यादीत ४४१००, ८८२००, ९६००० वगैरे भरा, नाहीतर प्लेअरला थेट आल्साचं (लिनक्सच्या ड्रायव्हर स्तराचं) हार्डवेअर डिव्हाइस द्या.

तपासा: प्लेअर बंद ठेवून ब्राउझरमध्ये एखादा व्हिडिओ लावा. आवाज डॅकमधून आला तर पहिली पायरी झालेली नाही.

## टप्पा ३: प्लेअरचं आउटपुट

आधी ॲम्पचा आवाज खाली आणा. एक्सक्लुझिव्ह मोडमध्ये विंडोजची व्हॉल्यूमची पट्टी बऱ्याचदा चालत नाही, आणि पहिलं गाणं पूर्ण ताकदीने कानात किंवा ट्वीटरमध्ये (स्पीकरच्या उंच स्वरांच्या भागात) शिरतं.

मग फाइल, प्रेफरन्सेस, प्लेबॅक, आउटपुट. यादीत तुमचा डॅक एकाहून अधिक वेळा दिसेल. ज्याच्या नावापुढे 'एक्सक्लुझिव्ह' लिहिलं आहे तो, म्हणजे वासापी एक्सक्लुझिव्ह, निवडा. फूबारची जुनी आवृत्ती असेल तर यासाठी वासापीचा वेगळा कॉम्पोनंट लागत असे. आता वेगळं काही टाकू नका.

डायरेक्टसाउंड (विंडोजची जुनी वाट) नको, ते आता त्याच मिक्सरमधून जातं. आसिओ हे स्टाइनबर्गने रेकॉर्डिंगसाठी बनवलेलं आहे. डॅकच्या उत्पादकाने स्वतःचा आसिओ ड्रायव्हर दिला असेल तर वापरायला हरकत नाही, पण वासापी एक्सक्लुझिव्ह नीट चालत असताना त्याने वेगळे आकडे डॅकपर्यंत जात नाहीत. आणि आसिओफोरऑल हा वरून चढवलेला मुखवटा आहे. खाली विंडोजचाच ड्रायव्हर असतो. ज्या डिव्हाइसला आसिओ नाही त्यावर रेकॉर्डिंग करणाऱ्याला त्याचा उपयोग, तुम्हाला नाही.

बिट डेप्थ २४ ठेवा. डॅक फक्त ३२ स्वीकारत असेल तर ३२. १६ बिटची फाइल २४ मध्ये जाताना खाली आठ शून्यं जोडली जातात, ऑडिओ बदलत नाही. आउटपुट २४ असेल तर डिदर (बिट कमी करताना मिसळला जाणारा बारीक गोंगाट) बंद राहू द्या.

बफरबद्दल (वाजवण्याआधी मेमरीत जमवून ठेवलेला ऑडिओ) उलटा सल्ला सगळीकडे फिरतो. 'बफर कमी, आवाज चांगला' हे वाद्य वाजवून रेकॉर्ड करणाऱ्यांचं गणित आहे, कारण त्यांना कळ दाबल्यापासून आवाज येईपर्यंतचा उशीर नको असतो. गाणं अर्धा सेकंद उशिरा सुरू झालं तर ऐकणाऱ्याला काय फरक पडतो? ५०० ते १००० मिलिसेकंद ठेवा आणि विसरून जा.

तपासा, दोन रीतींनी. डॅकला पडदा किंवा रेट दाखवणारे दिवे असतील तर ४४.१ची फाइल लावा, मग ९६ची. आकडा बदलायलाच हवा. बदलला नाही तर वाटेत कुणीतरी रिसॅम्पल करतं आहे. दिवे नसतील तर गाणं चालू असताना दुसऱ्या प्रोग्रॅममधून मुद्दाम त्याच डॅकवर आवाज पाठवून पाहा. तो ऐकू आला तर तुम्ही अजून शेअर्ड मोडमध्येच, म्हणजे मिक्सरच्या वाटेवरच, आहात. लिनक्सवर आल्साच्या 'एचडब्ल्यू पॅराम्स' फाइलमध्ये त्या क्षणी हार्डवेअरला जाणारा रेट थेट वाचता येतो.

यापेक्षा कडक परीक्षा हवी असेल आणि तुमच्याकडे डीटीएस (सराउंड आवाजाची एन्कोड केलेली पद्धत) ओळखणारा रिसीव्हर असेल, तर डीटीएस सीडीवरून केलेली वेव्ह फाइल डिजिटल आउटपुटमधून त्याला पाठवा. वाटेत आकडे बदलत असतील तर रिसीव्हरवर डीटीएसचा दिवा लागणार नाही, नुसता फसफसाट ऐकू येईल. तो मोठा असतो, म्हणून व्हॉल्यूम खालीच ठेवा.

इथवर सगळं ठीक असेल तर डॅकला फाइलमधलंच सगळं मिळतं आहे. खरं सांगायचं तर टप्पा २ नीट केलेला असेल, तर शेअर्ड मोड आणि एक्सक्लुझिव्ह मोड यांतला फरक बहुतेकांना डोळे मिटून सांगता येणार नाही. तरी एक्सक्लुझिव्ह घ्यावा, कारण मग वाटेत काय होत असेल याचा अंदाज करत बसावा लागत नाही.

## टप्पा ४: आवाज कुठून कमी करायचा

प्लेअर, विंडोज, डॅक, ॲम्प. चारही ठिकाणी पट्टी किंवा बटण असतं, आणि चारही कुठेतरी अधलीमधली असतात. प्लेअर आणि विंडोज पूर्ण वर न्या, आवाज ॲम्पवरून किंवा डॅकवरून कमी-जास्त करा.

ॲम्पवर बटण नसेल तर? प्लेअरमधून कमी केलं तरी चालतं, आउटपुट २४ बिट असेल तर. साधारण ६ डेसिबल कमी करणं म्हणजे एक बिट खाली सरकणं. १६ बिटचं गाणं २४ बिटच्या वाटेवर असेल तर खाली आठ बिट मोकळे आहेत, म्हणजे ४८ डेसिबलपर्यंत खाली आणलं तरी मूळ सोळा बिटांतलं काही कापलं जात नाही. तेच आउटपुट १६ वर राहिलं असेल आणि तुम्ही ३० डेसिबल खाली आणलं, तर पाच बिट गेले, उरले अकरा. हळू सुरू होणारी ती चौथी फाइल अशा वेळी लावून पाहा. स्वर विरत जातो तिथे खरबरीतपणा येतो. डिजिटल व्हॉल्यूम वाईट, ही समजूत याच १६ बिटच्या दिवसांतली.

रिप्लेगेनबद्दल लोक उगाच घाबरतात. त्यात फाइलमधल्या ऑडिओला हात लागत नाही, फक्त टॅगमध्ये आकडा लिहिला जातो आणि वाजवताना प्लेअर तेवढा आवाज कमी-जास्त करतो. आकडे जसेच्या तसे राहत नाहीत हे खरं, पण वर सांगितलेल्या मोकळ्या बिटांमुळे नुकसान नगण्य असतं. वेगवेगळ्या काळातली गाणी मिसळून ऐकणाऱ्याने ते लावावंच. पूर्ण अल्बम ऐकताना 'अल्बम गेन' निवडा. 'ट्रॅक गेन' ठेवलात तर मुद्दाम हळू ठेवलेलं गाणं शेजारच्या दणदणीत गाण्याएवढं मोठं होतं. क्लिपिंग टाळण्याचा पर्याय चालू ठेवा.

सावधान: डीएसडी फाइल डीओपी पद्धतीने पाठवत असाल तर प्लेअरचा व्हॉल्यूम, रिप्लेगेन आणि डीएसपी हे सगळं बंद हवं. डीओपीमध्ये डीएसडीचे बिट पीसीएमच्या (नेहमीच्या ऑडिओ फाइलींच्या पद्धतीच्या) चौकटीत खुणेसकट भरलेले असतात. व्हॉल्यूमने आकडे बदलले की खूण पुसली जाते, डॅक तो प्रवाह साधा पीसीएम समजतो आणि गाण्याऐवजी सुसाट फुसफुस येते. डीएसडी६४ला यासाठी १७६.४चा रेट लागतो. डॅक तिथपर्यंत जात नसेल तर प्लेअरकडून पीसीएममध्ये रूपांतर करून घ्या.

## टप्पा ५: डीएसपी, आणि तेही हवं असेल तरच

डीएसपी मॅनेजर उघडा आणि चालू यादी रिकामी करा. कधीतरी गंमत म्हणून टाकलेला क्रॉसफेड (एक गाणं विरत असताना दुसरं सुरू करणारा) किंवा सराउंडचा प्लगिन तिथे अजून बसलेला असतो, आणि सलग मैफिलीच्या दोन ट्रॅकमधला सांधा तोच बिघडवतो. यादी रिकामी करून ती तिसरी फाइल लावा. टाळ्यांच्या मध्येच फट पडली नाही पाहिजे. एमपी३मध्ये फट पडत असेल तर फाइल कशी बनवली ते पाहा: लेम या एमपी३ एन्कोडरने बनवलेल्या फाइलमध्ये आरंभ-शेवटच्या रिकाम्या जागेची नोंद असते आणि प्लेअर ती वगळू शकतो. ती नोंद नसेल तर प्लेअरचा इलाज चालत नाही.

इक्वलायझर लावणं पाप नाही. हेडफोन किंवा खोली यांचा दोष दहा डेसिबलचा असताना बिट-परफेक्टचा (एकही बिट न बदलण्याचा) हट्ट धरणं हे गळक्या छताखाली फरशी पुसत बसण्यासारखं आहे. मात्र एक नियम पाळा: सर्वात मोठी जी वाढ दिली असेल, तेवढा प्रीॲम्प (इक्वलायझरमधली एकंदर पातळी) आधी खाली आणा. ६० हर्ट्झला ५ डेसिबल वाढवलेत तर प्रीॲम्प उणे ५, थोडी सवड ठेवून उणे ६. हे न केल्यामुळे ढोल वाजताना येणारा फाटका आवाज लोक स्पीकरच्या माथी मारतात.

अपसॅम्पलिंगची गरज नाही. बहुतेक डॅकच्या आत ते होतंच. अपवाद एकच: फाइलचा रेट डॅकच्या आवाक्याबाहेर असेल तर. १७६.४ची फाइल आणि ९६पर्यंतचाच डॅक असेल, तर सॉक्स रिसॅम्पलरने ८८.२वर आणा.

## टप्पा ६: खरखर, टकटक, मध्येच गप्प

यूएसबीवरून ऑडिओ ज्या पद्धतीने जातो तिच्यात चुकलेलं पाकीट पुन्हा मागवण्याची सोय नसते. संगणक एखाद्या क्षणी दुसऱ्याच कामात अडकला तर तेवढा तुकडा गेला. त्याचा आवाज टक्क असा येतो. 'थोडा कर्कश' किंवा 'थोडा सपाट' असा दोष यातून येत नाही. तसं वाटत असेल तर कारण दुसरीकडे शोधा.

एका वेळी एकच बदल करत जा: बफर वाढवा, दुसरं पोर्ट वापरून पाहा, पॉवर प्लॅनमधलं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा, वायफाय थोडा वेळ बंद ठेवा. तरी थांबलं नाही तर लेटन्सीमॉन हे सॉफ्टवेअर चालवा. कोणता ड्रायव्हर प्रोसेसर अडवून ठेवतो ते नावासकट दिसतं, आणि तो बहुतेकदा वायफायचा किंवा ग्राफिक्सचा निघतो. फाइल नेटवर्कवरच्या डिस्कवर असतील तर फूबारच्या ॲडव्हान्स्ड यादीतून पूर्ण फाइल आधी मेमरीत घेण्याची मर्यादा वाढवा. याने आवाज सुधारत नाही, अडखळणं थांबतं.

रेट बदलताना गाण्याचा पहिला स्वर गिळला जात असेल तर तो बिघाड नाही. डॅकला नव्या रेटवर स्थिरावायला क्षणभर लागतो.

ब्लूटूथ हेडफोनवर यातलं जवळजवळ काहीच लागू होत नाही, कारण पुढे कोडेक ऑडिओ दाबून आकाराने लहान करतोच. तिथे एवढंच पाहा की एखाद्या कॉलच्या ॲपने हेडफोनचा माइक पकडून ठेवलेला नाही. तसं झालं की जोडणी कॉलच्या मोडमध्ये जाते आणि गाणं टेलिफोनवरून आल्यासारखं ऐकू येतं.

## टप्पा ७: फरक खरा की मनाचा

दोन सेटिंगमध्ये अर्ध्या डेसिबलचा फरक असला तरी मोठा आवाज 'जास्त उघडा' वाटतो. म्हणून तुलनेआधी पातळी जुळवा, शक्यतो ०.१ डेसिबलपर्यंत. मग फूबारचा एबीएक्स कंपॅरेटर वापरा. तो कोणती फाइल वाजते आहे ते लपवून विचारतो. १६ पैकी १२ बरोबर आले तर ते निव्वळ नशिबाने येण्याची शक्यता सुमारे ४ टक्के. ९ किंवा १० आले तर ते सेटिंग सोडून द्या आणि परत त्याच्या मागे लागू नका. सेवा बंद करून विंडोज 'हलकं' करणं, फ्लॅकचं वेव्ह करून ऐकणं, या गोष्टींवर वाद घालण्याआधी ही परीक्षा स्वतः द्या.

विंडोजचं मोठं अपडेट किंवा ड्रायव्हरचं नवं व्हर्जन आलं की टप्पा २ पुन्हा तपासा. एन्हान्समेंट्स आणि डिफॉल्ट डिव्हाइस ही दोन सेटिंग अशा वेळी मूळपदावर जाऊ शकतात. स्क्रीनशॉट शेजारी उघडून ताडून पाहिलं की पाच मिनिटांत काम होतं.